आधी काटा, मग झाकण

मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, की भिंतीवरचं घड्याळ चुकून ओट्यावर येऊन बसलंय. गोल चेहरा, कडेने आकडे, मधोमध सुई. पण घड्याळाच्या डोक्यावर ताटली नसते. माझ्या आहे, कारण मित्रांनो, मी स्वयंपाकघरातला एक जुना वजनकाटा आहे.

माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे. ताटलीत काही ठेवलं की ती दबते आणि सुई पुढे सरकते. बस्, एवढीच माझी विद्या. पण त्या विद्येत मी कुणाला खोट काढू दिली नाही. कारखान्यात तपासणीच्या टेबलावर एक चष्मेवाली बाई बसायची. ती आमच्या डोक्यावर पितळी वजनं ठेवायची आणि सुई जरा जरी चुकली, तर त्या काट्याला उचलून शेजारच्या खोक्यात टाकायची. खोक्यात गेलेल्यांचं पुढे काय झालं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी इतका घाबरलो होतो, की सुई जिथे थांबायला हवी तिथे आपोआपच थिजली. बाईने माझ्या पाठीवर हिरवा ठिपका चिकटवला. आता तो अर्धा निघालाय, पण उरलेल्या अर्ध्याचाही मला गर्व आहे.

दुकानातून मला एका छोट्या कुटुंबाने घरी आणलं. आई, बाबा आणि त्यांची मुलगी. आई औषधांच्या दुकानात काम करायची. ही गोळी जेवणाआधी, ती जेवणानंतर, हे औषध चमच्याने, ते थेंबाने. तिचा सगळा दिवस मापात जायचा. बाबा घरीच घड्याळं दुरुस्त करायचे. उजेड चांगला येतो म्हणून त्यांनी आपलं टेबल स्वयंपाकघराच्या खिडकीशी मांडलं होतं. मुलगी अंगाने बारीक, म्हणून वर्गातली पोरं तिला काडी म्हणायची. आईला ते नाव मुळीच आवडायचं नाही. पण टोपणनावाला कुणाच्या आवडीनिवडीशी देणंघेणं नसतं. हळूहळू घरातही तेच रुळलं.

सुरुवातीला माझी फार वट होती. कधी पीठ, कधी साखर, कधी लोणी. शेजारीण डोकावली की आई मला पुढे सरकवून दाखवायची. मग नव्याची नवलाई संपली. मला फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं आणि माझ्या डोक्यावर रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा ठेवला. मित्रांनो, पिशव्यांना वजन असं नसतंच. ज्याचा जन्म वजन करण्यासाठी झाला, त्याच्या डोक्यावर वर्षानुवर्षं बिनवजनाचं ओझं असावं, याहून मोठी थट्टा मला तरी माहीत नाही.

माझं नशीब उघडलं ते शाळेच्या आरोग्य तपासणीमुळे. तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई दमल्या होत्या आणि येईल त्या पालकाला एकच वाक्य सांगत होत्या, "जरा खाण्याकडे लक्ष द्या." बाकीच्या पालकांनी माना डोलावल्या आणि ते आपापल्या घरी जाऊन विसरून गेले. काडीच्या आईने मात्र ते वाक्य औषधाच्या चिठ्ठीसारखं मनावर घेतलं.

घरात लक्ष ठेवणं सोपं होतं. मूल डोळ्यांसमोर जेवतं. पण शाळेतला डबा? तो सकाळी दप्तरात शिरला की थेट संध्याकाळी बाहेर यायचा, आणि मधल्या वेळात त्याचं काय व्हायचं ते देवालाच ठाऊक. आईने आधी विचारून पाहिलं. "डबा संपवलास का?" "हो." हे उत्तर इतक्या पटकन यायचं, की आईला त्याचाच संशय यायचा. तिने डब्याचा वास घेऊन पाहिला. शाळेत फोन करून पाहिला, तेव्हा वर्गशिक्षिका म्हणाल्या, "अहो, मधल्या सुट्टीत मीही माझा डबा खात असते." शेवटी एके दिवशी आईची नजर वर गेली. पिशव्यांचा गठ्ठा बाजूला झाला आणि मी उजेडात आलो.

तेव्हापासून घरात नवा नियम सुरू झाला. सकाळी भरलेला डबा माझ्या डोक्यावर. जो आकडा येईल तो ओट्यामागच्या फरशीवर पेन्सिलीने लिहायचा. संध्याकाळी डबा दप्तरातून निघाला की थेट पुन्हा माझ्या डोक्यावर. "आधी काटा, मग झाकण," आई म्हणायची. झाकण आधी उघडलं तर उरलेलं दिसतं, उरलेलं दिसलं की सबबी सुरू होतात आणि सबबी ऐकल्या की आपण विरघळतो, हे ती स्वतःबद्दल ओळखून होती.

पहिल्याच संध्याकाळी काडी आत्मविश्वासाने म्हणाली, "संपला." आईने डबा माझ्या डोक्यावर ठेवला. मी निम्म्याहून अधिक दाखवलं.

"खोटं बोललीस," आई म्हणाली.

"थोडंच उरलंय गं."

"हे थोडं? सकाळी भरला तसाच आलाय जवळजवळ!" आईने मला ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "या घरात खरं बोलणारा हा एकटाच आहे."

खिडकीशी बसलेल्या बाबांनी घड्याळातून मान वर केली, माझ्याकडे जरा दुखावल्यासारखं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मी मात्र फुशारून गेलो होतो. हिरव्या ठिपक्यानंतर एवढं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

आता डब्यात काय असायचं तेही सांगतो. उकडलेली गाजरं. गाजरं नसतील त्या दिवशी उकडलेली फरसबी. कधी बदल म्हणून उकडलेलं बीट. मीठ बेताचं आणि तेलाचा थेंबही नाही. आईच्या हाताला चव नव्हती असं नाही. सुट्टीच्या दिवशी ती झकास रांधायची. पण शाळेचा डबा भरताना तिच्या अंगात औषधांचं दुकान शिरायचं. ती डबा भरत नसे, डोस बांधत असे.

काडीला गाजरांचं एवढं वावडं असताना तिने हा जाच का सोसावा? तर त्याचं कारण होतं सहल. दरवर्षी काडीच्या शाळेतली मुलं एका तळ्याकाठी तंबूत राहायला जायची. आदल्या वर्षी सगळा वर्ग गेला आणि काडी घरी राहिली, कारण आईचा प्रश्न होता, "तिथे ही खाणार काय?" मुलं परत आली ती तोंडभर गोष्टी घेऊन. कोण पाण्यात पडलं, कोण तंबूच्या दोरीत अडकलं. वर्षभर वर्गात कुणी नुसतं 'दोरी' म्हटलं तरी हशा पिकायचा. काडीही हसायची. काय झालं होतं ते तिला माहीतच नव्हतं, तरी हसायची. एकदा तिने हे बाबांना सांगितलं तेव्हा मी ओट्यावरच होतो. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण मलाही ते ऐकून कसंतरी झालं.

या वर्षी तिने हट्ट धरला. आई म्हणाली, "सहलीपर्यंत रोज डबा रिकामा आण. काटा हो म्हणाला तर जा." म्हणजे बघा, सहलीला जायचं की नाही हे माझ्या सुईवर ठरणार होतं.

मग काडीने जंग जंग पछाडलं. हे सगळं ती बाबांना सांगायची, कारण बाबांच्या एका डोळ्याला भिंग लावलेलं असायचं आणि दुसरा मिटलेला. अशा माणसाला काहीही सांगायला भीती वाटत नाही. तिने गाजरं मैत्रिणींना वाटून पाहिली. एकीने घेतली आणि मग तिच्याशी बोलणंच टाकलं. खिडकीतून बागेत टाकली, तर माळ्याने ती गोळा करून मुख्याध्यापिकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. कंपासपेटीत लपवली, तर भूमितीच्या तासाला कर्कटकाच्या टोकाला गाजराची चकती लागून आली. बाबा फक्त "हं" म्हणायचे. पण त्यांचे खांदे हलायचे.

आणि एके दिवशी काडी उड्या मारत आली. डबा माझ्या डोक्यावर आला तेव्हा तो चकचकीत रिकामा होता. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच.

"बाबा, कुणाला सांगणार नाहीस?"

"हं."

"आमचे खेळाचे सर आहेत ना, त्यांची आई त्यांना डबा देते. रोज तळलेले बटाटे, लोण्यात परतलेला भात, साखरेत घोळवलेली केळी. आणि सरांचे गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, वजन कमी करा. पण डबा उरला की त्यांची आई रडते."

"मग?"

"मग काय, मी त्यांचा खाते, ते माझा खातात. दोघांचे डबे रिकामे!"

बाबांच्या हातातला स्क्रू टेबलाखाली घरंगळला. तो शोधायच्या निमित्ताने ते बराच वेळ टेबलाखालीच होते आणि तिथून हसण्याचा आवाज येत होता.

आता तुम्ही विचाराल, मी आईला का सांगितलं नाही? अहो, मला कोणी विचारलं? मला विचारलं जायचं, डबा हलका झाला का. झाला होता. मी तसं दाखवलं. माझ्या हिरव्या ठिपक्याला कुठेही डाग लागला नाही.

गंमत पुढेच आहे. काडीच्या गालांवर हळूहळू गोलाई आली. फ्रॉक घट्ट व्हायला लागले. आईला तर आकाश ठेंगणं झालं! "बघा, उकडलेल्या गाजरांचा गुण," असं ती दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागली. खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूस गाजराची कृती घेऊन जायचा. आजूबाजूच्या कितीतरी घरांत गाजरं उकडू लागली आणि त्या घरांतली पोरं काडीला बघितलं की दात ओठ खायची. मला मात्र पुसायला एक नवीन, मऊ फडकं मिळालं.

सहल अगदी तोंडावर आली होती, आणि नेमक्या तेव्हाच एका संध्याकाळी अघटित घडलं. आईने नेहमीप्रमाणे डबा काढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि माझी सुई निघाली ती थांबेचना. सकाळचा आकडा मागे टाकून पुढे गेली.

आईने फरशीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. डबा काढून पुन्हा ठेवला. सुई पुन्हा तिथेच.

डबा जाताना होता त्याहून जड होऊन परत आला होता!

आणि मित्रांनो, आईने संशय कुणावर घेतला असेल? माझ्यावर. इतक्या वर्षांच्या इमानदारीवर एका क्षणात पाणी! तिने माझ्या डोक्यावर साखरेचं न फोडलेलं पाकीट ठेवलं. मी बरोबर वजन दाखवलं. तिने मिठाचं ठेवलं. तेही बरोबर. तरी तिचं समाधान होईना. "अहो, हा बिघडलाय का बघा," म्हणून तिने मला बाबांच्या टेबलावर नेलं. बाबांनी माझी पाठ उघडली, भिंगातून पोटात पाहिलं, पुन्हा बंद केली आणि म्हणाले, "उत्तम आहे. माझ्या कितीतरी घड्याळांपेक्षा शहाणा आहे." त्या एका वाक्यासाठी मी बाबांना जन्मभर विसरणार नाही.

तेव्हा कुठे आईने झाकण उघडलं. खाली तिची गाजरं, जशीच्या तशी. आणि त्यांच्यावर लोण्याने चमकणाऱ्या, तळलेल्या बटाट्यांचा जाड थर.

काडी दाराशी उभी होती. बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "सांग तिला," ते म्हणाले. "आता सांगूनच टाक."

काडीने सांगितलं. सरांशी अदलाबदल कशी चालते तेही आणि आज काय झालं तेही. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकांनी सरांना सहलीच्या कामाला बोलावून घेतलं, म्हणून ते काडीचा डबा खाऊच शकले नाहीत. आणि सर बारीक दिसायला लागल्यामुळे त्यांच्या आईने त्यांचा डबा नेहमीपेक्षा ठासून भरला होता. काडीला तो संपला नाही. सरांचा डबा तसाच घरी गेला असता तर त्यांच्या आईने डोळ्यांना पदर लावला असता. म्हणून त्यातलं उरलेलं सगळं काडीने आपल्या डब्यात ओतून घेतलं.

"अगं, पण मग तुझा डबा?" आईला काही कळेना. "मी काटा लावणार हे तुला माहीत होतं ना?"

"माहीत होतं."

"मग तू त्यांचा डबा रिकामा केलास आणि स्वतःचा भरलास?"

"सरांची आई रडते," काडी म्हणाली. "तू नुसती रागावतेस."

आईने झाकण पुन्हा डब्यावर दाबून बसवलं. मग तिचा पारा चढला तो सरांवर. "शिक्षक आहेत का कोण आहेत! लहान मुलीचं जेवण खातात! आणि मी इकडे जगाला गाजरं शिकवतेय! सहल रद्द. उद्या मी स्वतः जाते शाळेत, काटा घेऊन."

"काटा कशाला?" बाबांनी विचारलं.

"पुरावा नको?"

"जा," बाबा म्हणाले. "पण त्यांना भेटून ये. नुसती ओरडून येऊ नकोस."

काडी रडली नाही. तिने दप्तर उचललं आणि आत निघून गेली. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीच्या जरा आधी, मी आयुष्यात पहिल्यांदा शाळा पाहिली, तीही कापडी पिशवीतून. आईने मला खेळाच्या खोलीतल्या टेबलावर दाणकन ठेवलं. एका बाजूला हवा गेलेले चेंडू, दुसऱ्या बाजूला उड्या मारायच्या दोऱ्यांचा गुंता, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या जाड चटया. टेबलामागे सर उभे होते. चाळिशी उलटलेला, भरघोस मिशांचा माणूस, गळ्यात शिट्टी. मला पाहून ते गोंधळले. त्यांना वाटलं असावं, आई शाळेला काटा भेट द्यायला आलीय.

"मी काडीची आई."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "ताई, चूक झाली. माफ करा. पण खरं सांगतो," ते खाली बघत म्हणाले, "तुमची गाजरं फार छान असतात."

आईने रागाची पुढची सगळी वाक्यं घोकून आणली होती. पण तिच्या गाजरांना आजवर कोणी छान म्हटलं नव्हतं. ती अडखळली. "मीठ कमी नाही ना होत?" तिच्या तोंडून निघून गेलं.

सर उत्तर देणार, एवढ्यात बाहेरच्या लांबलचक ओसरीतून काठीचा आवाज आला. टक्, टक्, टक्. सरांनी कान टवकारले. "आई!" ते पुटपुटले, आणि एवढा मोठा माणूस बघता बघता चटयांच्या मागे दिसेनासा झाला.

दारात एक ठेंगणी म्हातारी उभी राहिली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात वाफाळलेला डबा.

"बाळ कुठाय माझा?"

"कुठल्या वर्गात आहे?" काहीच न कळल्यासारखं करत आईने विचारलं.

"वर्गात कसला? इथेच असतो. खेळ शिकवतो." म्हातारी आत येऊन बाकावर टेकली. "तू कोण गं? कुणाची आई वाटतं. तुला कळेल म्हणून सांगते. माझा बाळ वाळत चाललाय. पँट कमरेवर राहत नाही. डबा रोज रिकामा येतो, मग खाल्लेलं जातं कुठे? आज माझ्यासमोर बसवून जेवू घालणार आहे त्याला. आणि त्या तंबूंच्या सहलीला तर मुळीच पाठवणार नाही. सांगितलंय मी मोठ्या बाईंना."

आई बाकाजवळ सरकली. "केव्हापासून बघता तुम्ही त्यांचा डबा?"

"पहिलीपासून."

"अजून?"

"अजून म्हणजे? आईला काय कुठे रजा मिळते?" इतक्यात म्हातारीला मी दिसलो. तिने मला उचलून नाकाशी धरलं, कारण तिला लांबचंही दिसत नव्हतं आणि जवळचंही. "हा काय, काटा? डबा तोलायला? अगं बाई, मला कसं सुचलं नाही हे! इतकी वर्षं मी नुसती हातात धरून अंदाज घेत बसले. फार हुशार आहेस गं तू!"

आईच्या चेहऱ्याकडे मी पाहत होतो. तिला हुशार म्हटल्याचा आनंद झालेला दिसला नाही.

तेवढ्यात चटयांमागून शिंक आली. चटयांवर धूळ बरीच होती.

"बाळ, बाहेर ये."

सर बाहेर आले. मिशांना जळमट लागलेलं, दोन्ही हात पाठीमागे, नजर बुटांवर.

"जेवतोस का नीट?"

"हो आई."

"खरं सांग."

त्याच वेळी मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि दारात काडी येऊन थांबली. आईला पाहून तिनेही हातातला डबा पाठीमागे नेला आणि मान खाली घातली. एकीकडे काडी, दुसरीकडे सर. तेच मागे धरलेले हात, तीच खाली गेलेली मान. एकाला मिशा होत्या, एवढाच काय तो फरक.

आई कितीतरी वेळ दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. आपली काडी मोठी झाली आहे, तिच्या केसांत पांढरं डोकावतंय आणि ती आपल्याला पाहून कुठल्यातरी चटयांमागे लपतेय, असं काहीतरी तिला दिसलं असावं. तिचे डोळे भरून आले. राग पार निघून गेला होता. आता तिला भीती वाटत होती.

"आजी," ती म्हणाली, "मी औषधांच्या दुकानात असते. दिवसभर आजारी माणसं बघते. तुमचा मुलगा ठणठणीत आहे. गुडघ्यांवरचा भार उतरलाय, चांगलंच झालंय. जाऊ द्या त्याला सहलीला."

"आणि तिथे खाणार काय तो?"

आई दचकली. हा प्रश्न तिने इतक्यांदा विचारला होता, पण दुसऱ्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"सगळी मुलं खातील ते," ती म्हणाली.

"मला कळणार कसं, त्याने खाल्लं की नाही?"

"नाही कळणार."

"असं कसं? नाही कळणार म्हणजे?"

"नाही कळणार, आजी," आई म्हणाली. तिने दाराकडे पाहिलं. "मलाही नाही कळणार."

काडीने मान वर केली. काय ऐकलं ते समजायला तिला एक क्षण लागला. मग तिच्या हातातला डबा खाली पडला, झाकण गडगडत गेलं आणि सगळ्या खोलीत गाजरं पसरली. आई रागावली नाही. ती खाली बसून गाजरं वेचू लागली. सरही वाकले, आणि वाकता वाकता त्यांनी दोन तोंडात टाकली.

म्हातारी बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, "बरं, जाऊ दे बाळाला. पण हा काटा तुला नको असला तर मला दे."

सरांनी आईकडे अशा काही नजरेने पाहिलं, की दगडालाही पाझर फुटावा. आईने क्षणभर विचार केला. पण घरी मी ओट्यावर असेन, तर आपला हात माझ्याकडे गेल्याशिवाय राहणार नाही, हे तिला माहीत होतं. ती सरांना हळूच म्हणाली, "मला क्षमा करा," आणि तिने मला देऊन टाकलं.

अशा रीतीने मी सरांच्या घरी आलो. सहलीच्या दिवसांत म्हातारीने माझ्या डोक्यावर काय काय ठेवलं म्हणून सांगू! कांदे, औषधाच्या बाटल्या, स्वतःची चप्पल, शेजाऱ्यांचं मांजर. तिला वजन कुठे दिसत होतं? पण घर सुनं होतं आणि तिच्या हातांना चाळा हवा होता.

सर परतले ते उन्हाने रापून. संध्याकाळी त्यांनी सहलीला नेलेला डबा ओट्यावर ठेवला तशी म्हातारीने तो माझ्या डोक्यावर चढवला. "बाळ, बघ रे किती दाखवतोय. मला दिसत नाही."

सर वाकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते तिच्या शेजारी बसले आणि सांगत सुटले. तंबू कसा कोसळला, काडी रात्रभर कशी हसत होती, भात कसा करपला आणि तो करपलेला भात सगळ्यांनी भांडून भांडून कसा खाल्ला. बोलता बोलता अदलाबदलीचंही त्यांनी कबूल करून टाकलं. म्हातारी रुसली, मग हसली, मग म्हणाली, "त्या पोरीसाठी थोडे बटाटे नेत जा. आवडतात तिला." सुई कुठे आहे ते पुन्हा तिने विचारलंच नाही.

काडीच्या घरची खबर सरांकडून कळते. आता ती आपला डबा आपणच भरते. कधी पाव जळतो, कधी काकडीला मीठ लागत नाही. संध्याकाळी आई रिकामा डबा धुण्याआधी नकळत तळहातावर जोखते आणि मग स्वतःच हसते, असं काडी सांगते. डबा धुऊन होईस्तोवर काडी तिथेच ओट्याशी उभी असते आणि शाळेतलं काय काय बोलत असते.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. माझी स्प्रिंग कुरकुरते. माझ्यासारख्यांची काळजी घ्या. ताटली ओली ठेवू नका, डोक्यावर भलतंसलतं ठेवू नका. आणि घरी कोणी तुमच्या डब्याची वाट बघत बसलं असेल, तर दिवसभरात काय खाल्लं, कुणाबरोबर खाल्लं, कुणाचं खाल्लं, ते आपणहून सांगत जा. तुम्ही नाही सांगितलं तर ती माणसं मला विचारतात. आणि मला फक्त वजन कळतं.